सायकलवीर फाउस्तो कोप्पी

श्रोतेहो, आज सायंकाळी एका सायकलस्वाराचे चरित्र आपणांस सांगण्याचे मी योजिले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या वनप्रदेशात सायकल ही कधीच केवळ चैनीची वस्तू नव्हती. टपालवाला, दूधवाला, तेंदूच्या फळीवर जाणारा मजूर, धानाचे पोते मागे बांधून बाजाराला निघालेला शेतकरी आणि शाळेच्या वाटेवरचा मास्तर, या सर्वांचे ते वाहन. मी स्वतः मास्तरकीच्या आरंभीची बरीच वर्षे मोहाच्या झाडांखालून, नाल्यांतून उचलून घेत, सायकलच हाकली. तेव्हा सायकल चालविणे म्हणजे काय कष्ट असतात, हे येथील श्रोत्यांस निराळे सांगावयास नको.

ज्या मनुष्याची गोष्ट मी सांगणार आहे तो मात्र इटलीचा. त्याचे नाव फाउस्तो कोप्पी. सायकलीच्या शर्यतींत त्याच्याइतके यश फारच थोड्यांच्या वाट्यास आले. परंतु केवळ त्याच्या विजयांची यादी ऐकविण्याकरिता मी आपला वेळ घेत नाही. या मनुष्याने मोठमोठे पर्वत जिंकले, युद्धातून तो जिवंत परतला, हाडे मोडली तरी पुनःपुन्हा उभा राहिला. आणि अखेरीस ज्या कारणाने तो वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेला, ते कारण आपल्या या दोन जिल्ह्यांच्या उंबरठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहे. ते कोणते, हे क्रमाने येईलच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सायकलीच्या शर्यती दोन जातींच्या असतात. एक रस्त्यावरची. आपल्याकडील मुंबई-पुणे शर्यत पुष्कळांस ठाऊक आहे; बोरघाट जो सर्वांआधी चढेल त्यास ‘घाटांचा राजा’ म्हणून गौरवितात. युरोपातील मोठ्या शर्यती याच जातीच्या, पण एका दिवसाऐवजी सुमारे तीन आठवडे चालणाऱ्या. रोज एक टप्पा, आणि सर्व टप्प्यांचा वेळ मिळवून ज्याचा सर्वांत कमी भरेल तो विजयी. इटलीची ‘जिरो द’इतालिया’ आणि फ्रान्सची ‘तूर द फ्रान्स’ या त्यांतील दोन थोर शर्यती होत.

दुसरी जात धावपट्टीवरची. त्याकरिता लंबवर्तुळाकार पट्टी बांधलेली असते आणि वळणावर तिची बाहेरची बाजू बशीच्या काठासारखी उंच उचललेली असते, म्हणजे वेगात वळताना स्वार बाहेर फेकला जात नाही. या सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. रस्त्यावरच्या स्वारास चिकाटी, घाट चढण्याची ताकद आणि प्रसंगावधान लागते. पट्टीवरच्या स्वारास सेकंदासेकंदाचा हिशेब लागतो. एकाच मनुष्याने दोन्ही ठिकाणी जगज्जेता व्हावे हे दुर्मिळ. कोप्पी तसा झाला.

त्याचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात, कास्तेल्लानिया नावाच्या टेकडीवरील खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. पाच भावंडांत तो चौथा. प्रकृती तोळामासा, पाय लांब व काटकुळे, छाती पुढे आलेली, आणि हाडे इतकी ठिसूळ की पुढील आयुष्यात ती किती वेळा मोडली याची मोजदाद करणे कठीण. त्याच्याकडे पाहून हा पुढे पहिलवान होईल असे कोणीही म्हटले नसते. अभ्यासातही त्याचे मन नव्हते. आठ वर्षांचा असताना घराच्या तळघरात त्यास एक गंजलेली, ब्रेक नसलेली सायकल सापडली. ती घेऊन स्वारी दिवसभर शाळेबाहेर. दुसरे दिवशी गुरुजींनी शिक्षा केली : मी शाळेत असावयास हवे, सायकलीवर नव्हे, अशा अर्थाचे वाक्य शंभर वेळा लिहून काढ. श्रोतेहो, मी स्वतः मास्तर. त्या गुरुजींस हसण्याचा अधिकार मला नाही. तशीच एक शिक्षा मीही एकदा केली होती. तिची हकीकत पुढे येणारच आहे.

तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि नोव्ही लिगुरे या गावी एका खाटकाच्या दुकानात मुलगा कामास लागला. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून माल पोचविणे हे त्याचे काम. चढउताराचे रस्ते, मागे ओझे आणि वेळेचे बंधन. पुढील साऱ्या विद्येचा श्रीगणेशा या फेऱ्यांतच झाला. त्याचा एक काका व्यापारी जहाजावर अधिकारी होता. पुतण्याची ओढ पाहून त्याने चांगल्या सायकलीकरिता पैसे दिले.

याच गावी त्यास गुरू भेटला. त्याचे नाव ब्याजो कावान्ना. पूर्वी मुष्टियुद्ध खेळलेला आणि नामांकित सायकलस्वारांचे अंग रगडून देणारा हा मनुष्य पुढे दोन्ही डोळ्यांनी अंध झाला होता. परंतु स्वाराच्या मांड्या-पोटऱ्यांवरून हात फिरवून, त्याची नाडी पाहून, हा किती मजल मारील याचा अंदाज तो बांधीत असे. या काटकुळ्या पोराच्या अंगी काय आहे, हे ज्यांना डोळे होते त्यांच्या आधी या अंधास कळले. काय खावे, किती झोपावे, कोणत्या दिवशी किती मैल जावे, याची शिस्त त्याने लावून दिली. आहार आणि सराव यांचा शास्त्रीय विचार करणाऱ्या सायकलपटूंच्या पिढीचा अग्रणी म्हणून पुढे कोप्पीचे नाव झाले, त्याचे मूळ येथे आहे.

१९४० साली, वीस वर्षांचा असताना, त्यास ‘लेन्यानो’ या बलाढ्य संघात जागा मिळाली, पण कोणती? पाणक्याची. अशा संघात एक नायक असतो आणि इतरांनी त्याची चाकरी करावयाची. त्याला पाणी आणून द्यावयाचे, त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यावयाचा, त्याचे चाक फुटले तर आपले काढून द्यावयाचे. नायक होता जीनो बार्ताली, इटलीचा लाडका वीर. परंतु जिरोच्या दुसऱ्याच टप्प्यात एका कुत्र्यामुळे बार्ताली पडला, दुखावला आणि मागे राहिला. पुढे फ्लॉरेन्सहून मोदेनाकडे जाताना, पाऊस-थंडीत, आपेन्निन पर्वत ओलांडून कोप्पी एकटाच पुढे निघाला आणि त्याने आघाडी घेतली ती शेवटपर्यंत. ९ जून १९४० रोजी मिलान शहरी तो विजयी म्हणून उतरला. इतक्या लहान वयात ती शर्यत दुसऱ्या कोणी आजतागायत जिंकलेली नाही. आणि दुसरे दिवशी, १० जूनला, इटलीने महायुद्धात उडी घेतली. जयजयकार एक दिवसाचा ठरला.

युद्धाने मोठ्या शर्यती बंद पाडल्या. तरुण सैनिक कोप्पी रजा मिळेल तेव्हा पट्टीवर सराव करी. पट्टीवरील एक विक्रम असा आहे की, त्यात प्रतिस्पर्धी नसतो, डावपेच नसतो : एका तासात एकट्याने किती अंतर जाल ते सांगा, एवढाच प्रश्न. पूर्वीचा विक्रम फ्रान्सच्या आर्शांबोचा होता. ७ नोव्हेंबर १९४२ रोजी कोप्पी मिलानच्या व्हिगोरेल्ली पट्टीवर उतरला. शहरावर इंग्रजी विमानांचे बॉम्ब पडून दोन आठवडेच झाले होते. सुमारे ४०० मीटर घेराच्या त्या लाकडी पट्टीवर त्याने सुमारे ११५ फेऱ्या मारल्या आणि ४५.७९८ किलोमीटर अंतराची नोंद झाली. जुन्या विक्रमाहून हे अंतर अवघे ३१ मीटर अधिक. तासाभराच्या धडपडीतून काढलेले दोन-तीन सेकंदांचे अंतर! परंतु ते १९५६ सालापर्यंत टिकले. त्या वर्षी झाक आंकतील या फ्रेंच तरुणाने ते मोडले. या आंकतीलचे नाव आपणांस शेवटी पुन्हा ऐकावयाचे आहे.

१९४३ साली कोप्पीची पलटण उत्तर आफ्रिकेत गेली आणि एप्रिल महिन्यात ट्युनिसियात तो इंग्रजांच्या हाती सापडला. जवळजवळ दोन वर्षे बंदिवासात गेली. खेळाडूच्या आयुष्यातील चोविसावे-पंचविसावे वर्ष म्हणजे ऐन भराचा काळ. तो तारेच्या कुंपणाआड गेला. १९४५ साली सुटून तो घरी आला तेव्हा आता हा संपला, असे पुष्कळांस वाटले.

त्याचे उत्तर त्याने १९ मार्च १९४६ रोजी दिले. युद्धानंतरची पहिली मिलान ते सान रेमो शर्यत. रस्ते उखडलेले, पूल पडलेले, देश उपाशी. कोप्पी फार लवकर पुढे निघाला, तुर्किनो खिंडीचा बोगदा त्याने एकट्याने ओलांडला आणि दुसऱ्या स्वारापेक्षा १४ मिनिटे आधी तो समुद्रकाठच्या सान रेमोस पोचला. या शर्यतीची एक आख्यायिका आपल्या नभोवाणीच्या श्रोत्यांस आवडेल. निवेदकाने पहिला क्रमांक कोप्पीचा असे सांगितले आणि दुसरा स्वार येईपर्यंत आम्ही संगीत ऐकवितो, असे म्हणून तबकडी लावली, असे सांगतात.

१४ मिनिटांचे अंतर म्हणजे काय, ते समजण्याकरिता वाऱ्याचा थोडा विचार केला पाहिजे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा दूर सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून स्वार एकमेकांच्या पाठीशी घोळक्याने जातात. पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्यास सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा श्रम कमी पडतात, आणि पुढे राहण्याची पाळी ते आपसांत वाटून घेतात. गावाकडे बैलगाड्यांची रांग जशी पहिल्या गाडीवाल्याच्या भरवशावर डुलकी घेत जाते, तसेच काहीसे. जो घोळका सोडून एकटा निघतो तो या सर्वांविरुद्ध एकट्याने वारा फोडीत असतो. बहुधा तासाभरात दमतो आणि पकडला जातो. कोप्पीची ख्याती अशी होती की, तो एकदा दृष्टीआड झाला म्हणजे पुन्हा दिसावयाचा तो शेवटच्या रेषेपलीकडे. तासाच्या विक्रमाकरिता एकट्याने पट्टीवर केलेला सराव रस्त्यावर असा फळास आला.

याचा कळस १० जून १९४९ रोजी झाला. जिरोमधील कूनेओ ते पिनेरोलो हा टप्पा २५४ किलोमीटरांचा असून त्यात आल्प्स पर्वतातील पाच खिंडी चढून उतरावयाच्या होत्या. पहिल्याच खिंडीत कोप्पी निसटला आणि उरलेले १९२ किलोमीटर तो एकटा गेला. दुसरा आला तो बार्ताली. पण जवळजवळ बारा मिनिटांनी. चंद्रपूरहून नागपूर गाठावे आणि तेथून आणखी ४० किलोमीटर पुढे जावे, तेही हिमशिखरांवरून, एकट्याने, अशी कल्पना करा म्हणजे पुरे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तो फ्रान्सच्या शर्यतीस गेला. आरंभीच एका अपघातात सायकल मोडली आणि तो अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला. शर्यत सोडून घरी जातो म्हणाला. सोबत्यांनी समजूत घातली. पुढे पर्वत लागताच त्याने ती सारी उणीव भरून काढली आणि पॅरिसला तो विजयी ठरला. इटली व फ्रान्स या दोन्ही महाशर्यती एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला पुरुष. १९५२ साली त्याने हाच पराक्रम पुन्हा केला. त्या वर्षी फ्रान्सच्या शर्यतीत दुसऱ्यावर त्याची सरशी २८ मिनिटांहून अधिक होती, आणि शर्यतीत रस राहावा म्हणून चालकांनी दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मध्येच वाढविले.

एकंदर हिशेब असा : जिरो पाच वेळा, १९४०, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३. तूर दोन वेळा. लोंबार्दीची शर्यत पाच वेळा, सान रेमोची तीन वेळा, आणि १९५० साली दगडी रस्त्यांची पॅरिस-रूबे. १९५३ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे रस्त्यावरील जगज्जेतेपद. त्यातही तो दुसऱ्यापेक्षा सहा मिनिटांहून अधिक आधी आला. आणि पट्टीवर १९४७ व १९४९ साली पाठलागाच्या शर्यतीतील जगज्जेतेपद. या शर्यतीत दोन स्वार पट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकदम सुटतात आणि दोघेही एकमेकांचा पाठलाग करतात. गाठले तर तेथेच निकाल, नाही तर ठरलेले अंतर जो आधी पुरे करील तो विजयी. त्या वेळी धंदेवाईक स्वारांकरिता हे अंतर ५ किलोमीटर होते. तीन आठवडे पर्वत चढणारा मनुष्य या सहा-सात मिनिटांच्या खेळातही पहिला यावा, यावरून त्याची अष्टपैलूता दिसते.

बार्ताली आणि कोप्पी यांच्या स्पर्धेने सारा इटली देश दुभंगला होता. घरोघरी एक भाऊ बार्तालीचा तर दुसरा कोप्पीचा. बार्ताली वयाने पाच वर्षांनी वडील व धर्मनिष्ठ. युद्धकाळात सराव करण्याच्या मिषाने सायकलीच्या नळीत बनावट ओळखपत्रे दडवून त्याने छळ होत असलेल्या ज्यूंचे प्राण वाचविण्यास हातभार लावला, ही गोष्ट फार उशिरा जगास कळली. दोघांत चुरस होती, रुसवेही होते. पण १९५२ सालच्या शर्यतीत घाट चढता चढता एक दुसऱ्यास पाण्याची बाटली देत असल्याचे छायाचित्र निघाले आणि ते अजरामर झाले. कोणी कोणास दिली यावर अद्याप वाद चालतो. माझ्या मते तो वाद न मिटणेच शोभेल.

आता या चरित्राची दुःखाची बाजू. फाउस्तोचा धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू. १९४९ सालच्या पॅरिस-रूबे शर्यतीत पहिल्या क्रमांकाचा मान एका फ्रेंच स्वाराबरोबर त्यास विभागून मिळाला होता. २९ जून १९५१ रोजी तूरिनजवळ शर्यतीच्या शेवटी ट्रामच्या रुळात चाक अडकून तो पडला आणि डोके आपटले. उठला, सायकलवर बसून मुक्कामास गेला. काही विशेष नाही असेच सर्वांस वाटले. थोड्याच तासांत मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच रात्री तो वारला. वरून लहान दिसणाऱ्या दुखण्याने या घरावर घातलेला हा पहिला घाला. दुसरा यावयाचा होता.

पुढची वर्षे उतरणीची. कौटुंबिक जीवनात वादळ उठले, विवाहबाह्य संबंधांबद्दल इटलीच्या तत्कालीन कायद्यान्वये कोर्टात उभे राहावे लागले, लोकनिंदा झाली. वय वाढले, हाडे मोडत राहिली, तरी हा शर्यतीत उतरतच राहिला. १९६० सालाकरिता त्याने नवा संघ पत्करला होता. आणि त्या संघाचा व्यवस्थापक कोण, तर जुना प्रतिस्पर्धी बार्ताली!

परंतु ते वर्ष त्याच्या वाट्यास अवघे दोन दिवस आले. डिसेंबर १९५९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा, म्हणजे आजचे बुर्किना फासो, येथील अध्यक्षांच्या निमंत्रणावरून काही नामांकित सायकलपटू वागादुगू या राजधानीस गेले. कोप्पी होता, मघाशी उल्लेखिलेला आंकतील होता, आणि कोप्पीचा मित्र, फ्रान्सचा राफाएल जेमिनियानी हाही होता. स्थानिक स्वारांबरोबर शर्यत झाली, नंतर शिकारीचा बेत झाला. कोप्पी आणि जेमिनियानी एकाच खोलीत झोपले. खोलीत डास फार होते.

दोघेही आपापल्या देशी परतले आणि डिसेंबर संपता संपता दोघांसही ताप भरला. जेमिनियानी तर बेशुद्ध झाला. फ्रान्समध्ये त्याचे रक्त काढून पॅरिसच्या पाश्चर संस्थेकडे तपासणीस पाठविण्यात आले, आणि त्यात हिवतापाचे जंतू, तेही सर्वांत घातक जातीचे, सापडले. त्यास कोयनेल, म्हणजे क्विनाईन, देण्यात आले आणि तो वाचला. इटलीत मात्र कोप्पीचा ताप हा छातीचा विकार, थंडीच्या दिवसांतील साधा ताप, अशा समजुतीने उपचार झाले. फ्रान्सहून सावधगिरीचा निरोप आला होता पण त्याची दखल घेतली गेली नाही, असेही सांगतात. २ जानेवारी १९६० रोजी सकाळी, तोर्तोना येथील रुग्णालयात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी कोप्पी मरण पावला. जेमिनियानी २०२४ च्या जुलै महिन्यात वारला. तेव्हा त्याचे वय ९९ होते.

श्रोतेहो, एकच खोली, तेच डास, तोच आजार. एकास चाळीस वर्षे, दुसऱ्यास नव्याण्णव. फरक पडला तो वेळेवर तपासलेल्या थेंबभर रक्ताने.

यातील दैवदुर्विलास पाहा. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियन. त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. रोमच्या आसपासच्या दलदलींनी शतकानुशतके त्या देशास हा रोग दिला. १८९७ साली आपल्या शेजारच्या सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस याने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, आणि १८९८ साली माणसाचा हिवताप ॲनॉफिलीस जातीच्या डासापासूनच होतो हे सिद्ध केले ते इटलीच्याच ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी. मग त्याच देशात हा रोग ओळखू का येऊ नये? कारण महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने तेथून तो जवळजवळ नाहीसा झाला होता. उत्तर इटलीतील ऐन हिवाळा. अशा वेळी हिवतापाचा विचार कोणाच्या मनात यावा? वैद्य रोज जे पाहतो ते त्यास प्रथम आठवते. म्हणून रोगी कोठून आला, हे विचारणे वैद्याचे आणि सांगणे रोग्याचे कर्तव्य ठरते.

घातक जात म्हणतात ती फॅल्सिपॅरम. डास चावल्यावर साधारणतः नऊ ते चौदा दिवसांनी ताप येतो. तोवर मनुष्य शेकडो मैल दूर गेलेला असतो. आरंभीची लक्षणे डोकेदुखी, अंगदुखी, थंडी. पडशाच्या तापाहून निराळी नव्हेत. पण हे जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतात, आणि त्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींस चिकटून मेंदू व इतर इंद्रियांचा रक्तपुरवठा अडवितात. थोड्या दिवसांतच भ्रम, झटके, बेशुद्धी. मनुष्य कितीही बळकट असला तरी त्याचा तेथे उपयोग नाही. कोप्पीपेक्षा बळकट हृदय कोणाचे होते?

महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे गडचिरोली जिल्ह्यातून नोंदला जातो, आणि त्यात ही फॅल्सिपॅरम जात पुष्कळ असते. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या बाजूंस झुळझुळते नाले, धानाच्या बांध्या आणि दाट रान असल्यामुळे डासास सर्व सोयी आहेत. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत त्याचा जोर. मी अशाच एका गावी शिक्षक असताना एक मुलगा, बापाच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून येणारा, चार दिवस गैरहजर राहिला. आला तेव्हा म्हणाला, गुरुजी, ताप होता. मला वाटले, मोहफुले वेचावयास गेला असेल. ‘मी शाळा बुडविणार नाही’ हे वाक्य शंभर वेळा लिहावयास मी त्यास बसविले. त्याने निमूटपणे लिहिले. दुपारी वही पाहू लागलो तो साठाव्या ओळीनंतर अक्षर वाकडे होत होत ओळी पानाबाहेर गेलेल्या, आणि मुलगा भिंतीला टेकून कापत बसलेला. गावात आलेल्या हिवताप कर्मचाऱ्याने त्याच दिवशी बोट टोचून रक्त घेतले, गोळ्या सुरू केल्या, आणि रात्री खाटेवर घालून त्यास दवाखान्यात पोचविले. मुलगा वाचला. ती वही मी अद्याप ठेविली आहे. पुढे कोणताही मुलगा ताप होता म्हणाला की मी प्रथम त्याच्या कपाळास हात लावीत असे. शिक्षा पुढची गोष्ट.

तेव्हा काचपट्टीवरील रक्ताचा निकाल येण्यास दिवस लागत. आता आशाताईंच्या पिशवीत तपासणीची पट्टी असते. बोटाच्या थेंबभर रक्ताने सुमारे वीस मिनिटांत उत्तर मिळते. फॅल्सिपॅरमवर आता कोयनेलऐवजी आर्टेमिसिनीनयुक्त गोळ्या तीन दिवस देतात. दुसऱ्या, व्हायव्हॅक्स, जातीवर क्लोरोक्विन आणि त्याबरोबर चौदा दिवस प्रायमाक्वीन. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नये. शासकीय दवाखान्यात तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत.

शहरातील श्रोत्यांस वाटेल, हे रानातील लोकांस सांगावे. नाही; कोप्पी रानात मेला नाही, तो आपल्या गावाजवळच्या रुग्णालयात, सुशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेला. आपण ताडोबास वाघ पाहावयास येता, आपला मुलगा नोकरीनिमित्त अहेरीस असतो, आपली मुलगी हेमलकशाच्या शिबिरास जाते. तेथे मच्छरदाणीत निजावे. परत नागपूर-पुण्यास गेल्यावर महिन्याभरात ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगावे की, मी अमुक दिवशी रानात होतो, माझे रक्त हिवतापाकरिता पाहा. एवढे एक वाक्य त्या वेळी इटलीत कोणी आग्रहाने सांगितले असते, आणि ते ऐकले गेले असते, तर या चरित्राचा शेवट कदाचित निराळा झाला असता.

जिरो शर्यतीत दरवर्षी जी सर्वांत उंच खिंड असेल तिला १९६५ पासून ‘चीमा कोप्पी’, म्हणजे कोप्पीचे शिखर, म्हणतात. त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१९ साली, त्याच्या खेड्याच्या नावासही त्याचे नाव जोडण्यात आले. उंचावरील सर्व काही त्यास मिळाले. त्याचा घात केला तो खोलीत कानाशी गुणगुणणाऱ्या डासाने, आणि ‘साधाच ताप असेल’ या तीन शब्दांनी. ते शब्द आपल्या घरात उच्चारण्यापूर्वी, श्रोतेहो, क्षणभर या सायकलस्वाराची आठवण करा.